बाजरीवरची काळी बुरशी आणि एलएसडी

बाजरी पेरणाऱ्या बीडच्या शेतकऱ्याला अरगट हा रोग नवा नाही. पीक फुलोऱ्यात असताना आभाळ भरून राहिलं, की कणसावर मधासारखे चिकट थेंब दिसतात आणि पुढे दाण्याच्या जागी काळपट, कडक गाठी येतात. बियाणं २० टक्के मिठाच्या पाण्यात बुडवा, तरंगेल ते काढून टाका, हा सल्ला आपण आकाशवाणीवर वर्षानुवर्षं ऐकत आलो. माझी अम्मी सुपात बाजरी घेऊन या गाठी एकेक करून वेचायची. त्या दळणात गेल्या, तर मळमळ, उलट्या, चक्कर, गुंगी. १९७५ साली राजस्थानात अशा बाजरीने माणसं आजारी पडल्याची नोंद आहे.

या बुरशीची चुलत बहीण युरोपात राईवर येते. राई म्हणजे आपली मोहरी नव्हे, गव्हासारखं एक धान्य. मध्ययुगात त्या पिठाचा पाव खाऊन लोकांची बोटं काळी पडून झडत, आकडी येई, भास होत. लोक त्याला संत अँथनीचा अग्नी म्हणत. पण तिकडच्या सुईणींनी त्याच विषाचा थोडा अंश बाळंतपणात वापरायला सुरुवात केली. विष आणि औषध एकाच सुपात असतं, ते असं.

स्वित्झर्लंडच्या बाझल शहरात सँडोझ कंपनीत अल्बर्ट हॉफमन हे रसायनशास्त्रज्ञ याच बुरशीतल्या द्रव्यांवर काम करत होते. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवणारं, आपल्याकडच्या नर्सताईंना चांगलं ठाऊक असलेलं मेथर्जिन त्यांचंच. १९३८ साली त्याच कामात, रक्ताभिसरणाचं औषध शोधताना, एलएसडी तयार झालं. जनावरांवरच्या चाचण्यांत विशेष काही दिसलं नाही, म्हणून ते पाच वर्षं पडून राहिलं. १९ एप्रिल १९४३ रोजी हॉफमन यांनी स्वतः २५० मायक्रोग्रॅम घेतलं. म्हणजे ग्रॅमचा चार हजारावा भाग! त्यांना वाटलं, फारच कमी घेतलंय. युद्धामुळे मोटारी नव्हत्या, ते सायकलवरून घरी निघाले. घरातलं सामान अंगावर येऊ लागलं, दूध घेऊन आलेली शेजारीण चेटकीण भासली, आपण मरतोय असं वाटलं. सकाळी मात्र जग धुऊन काढल्यासारखं लख्ख होतं.

हे द्रव्य मेंदूतल्या सिरोटोनिनच्या जागा पकडतं. आठ ते बारा तास रंग हलतात, आवाज दिसतात, वेळ ताणला जातो. कुणाला आनंद होतो, कुणाला पराकोटीची भीती. ज्यांच्या मनात आजाराचं बीज आधीच आहे, त्यांचा तोल कायमचाही जाऊ शकतो. मानसोपचारासाठी सँडोझने ते १९४७ पासून विकलं, १९६५ मध्ये थांबवलं. मधल्या काळात अमेरिकेच्या सीआयएने ते माणसांना नकळत पाजूनही पाहिलं. या सगळ्या कहाणीतलं हे पान मला सर्वांत काळं वाटतं.

पुढे हिप्पी आले आणि त्यांच्याबरोबर हे द्रव्य आपल्या शेजारच्या गोव्यात, हणजुण्याच्या किनाऱ्यावर पोचलं. आता ते तिकिटाएवढ्या रंगीत कागदावर पुण्या-मुंबईतही सापडतं.

मुशायऱ्यानंतर तरुण मुलं विचारतात, "सर, काही घेतल्याशिवाय असं सुचतं का?" गझलेत साकी आणि प्याला इतका येतो, की त्यांचा दोष नाही. मी सांगतो, मी चहावर लिहितो, तोही अर्धा कप. रंग हलताना दिसणं वेगळं आणि त्या रंगाला शब्द सापडणं वेगळं. दुसरं काम शुद्धीतच करावं लागतं.

त्या मुलांना हिशेबही ठाऊक नसतो. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानुसार गांजाचं व्यापारी प्रमाण २० किलोंपासून धरतात, एलएसडीचं ०.१ ग्रॅमपासून. त्यावर किमान शिक्षा दहा वर्षं. आणि कागदावर एलएसडीच आहे, याची खात्री विकणाऱ्यालाही नसते. त्या नावाखाली दुसरीच रसायनं खपवली जातात आणि त्यांनी परदेशांत जीव गेलेले आहेत. बाजरीतल्या काळ्या गाठी निदान डोळ्यांना दिसायच्या.