पाटणचा ज्योतिषी, यादवांचा अधिकारी

चीनमध्ये सरकारी अधिकारी व्हायला शेकडो वर्षं लेखी परीक्षा होती. 1905 साली ती बंद झाली. चिन चिउशाओ हा गणिती तिथल्याच सरकारात अधिकारी होता, आणि 1247 सालच्या त्याच्या ग्रंथात कर आणि धान्याच्या कोठारांचीही गणितं आहेत.

त्याच काळात आपल्या जळगाव जिल्ह्यातला एक विद्वान सरकारात होता: चांगदेव. मुक्ताईनगरजवळचे योगी चांगदेव नव्हे बरं का! हा भास्कराचार्यांचा नातू.

चाळीसगावजवळच्या पाटणला, म्हणजे पाटणादेवीला, 1207 सालचा एक शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो 1865 मध्ये अभ्यासकांपुढे आणला. त्यात या घराण्याची वंशावळच कोरलीय. भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर शास्त्रांत इतका मुरलेला, की यादव राजा जैत्रपाळ त्याला याच गावातून घेऊन गेला आणि त्याने त्याला विद्वानांचा प्रमुख केलं. लक्ष्मीधराचा मुलगा चांगदेव पुढे सिंघण राजाचा मुख्य ज्योतिषी झाला. इथे परीक्षा नाही, सिलॅबस नाही. घरात शिकायचं आणि राजाच्या कानावर नाव जायचं. आता हे मेरिट म्हणायचं की वशिला? मला वाटतं, दोन्ही थोडं थोडं. पण चीनमध्ये निदान अनोळखी घरातल्या पोरालाही फॉर्म भरता यायचा.

मी पुण्यात कोडिंग करतो, त्यामुळे 'गावातून घेऊन गेला' इथे मी जरा अडकलोच. हुशार माणूस राजधानीला जातो, हे तेव्हापासूनचंच आहे. पण चांगदेवाने पद मिळाल्यावर गावाकडे पाहिलं. त्याने पाटणला मठ काढला, कशासाठी? तर आजोबांचा 'सिद्धांतशिरोमणी' आणि घराण्यातले बाकीचे ग्रंथ तिथे शिकवले जावेत म्हणून. यादवांचे मांडलिक निकुंभ राजे तिथे राज्य करत होते. त्यांच्यातल्या सोइदेवाने मठाला दान दिलं.

लेख बराचसा संस्कृतात आहे, पण शेवटी हिशोब आला की भाषा जुनी मराठी होते. साहजिक आहे, पैसे ज्यांनी द्यायचे त्यांना कळायला नको? बाजारातल्या खरेदी-विक्रीतला वाटा मठाला लावून दिलाय. आणि तेल्यांनी दर घाण्यामागे एक पळी तेल द्यायचं.