गाडीतला कूलंट वारंवार कमी होतोय? गळती नेमकी कुठे आहे, हे असं ओळखा

एप्रिल-मे महिन्यात बोरघाट किंवा कसारा घाट चढताना रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या हमखास दिसतात. 'इंजिन अचानक हीट झालं,' असं चालक सांगतात. पण अनेकदा त्याची सुरुवात काही आठवडे आधीच झालेली असते, कूलंटच्या एखाद्या बारीक गळतीपासून.

ही गळती वेळेत सापडली तर काम एका क्लिपवर किंवा होज पाइपवर भागतं. दुर्लक्ष झालं तर इंजिनच खोलावं लागतं.

थेंबभर गळतीने एवढं काय बिघडतं?

कूलंट म्हणजे पाणी, इथिलीन ग्लायकॉल आणि गंज रोखणारी रसायनं यांचं मिश्रण. ते इंजिनमधली उष्णता रेडिएटरपर्यंत वाहून नेतं. चालू इंजिनमध्ये त्याचं तापमान साधारण 90 ते 105 अंश सेल्सिअस असतं. तरीही ते उकळत नाही. कारण ही यंत्रणा हवाबंद असते आणि तिचं झाकण सुमारे 15 पीएसआयपर्यंत दाब धरून ठेवतं. या दाबाखाली निम्मं पाणी आणि निम्मं ग्लायकॉल असलेलं मिश्रण 125 अंशांच्या पुढे गेल्यावरच उकळतं.

गळतीमुळे कूलंट तर कमी होतोच, पण दाबही टिकत नाही. मग तो लवकर उकळायला लागतो. इंजिन जास्त तापलं की अॅल्युमिनियमचं सिलिंडर हेड वाकू शकतं आणि हेड गॅस्केट जाऊ शकतं.

खाली सांडलेलं पाणी एसीचं की कूलंट?

एसी चालू असताना गाडीखाली पाणी ठिबकणं नॉर्मल आहे. ते स्वच्छ असतं, त्याला वास नसतो. कूलंट मात्र हिरवा, गुलाबी, लाल किंवा निळा असतो, बोटांना किंचित बुळबुळीत लागतो आणि त्याला गोडसर वास येतो. शंका असेल तर रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा अंथरावा. सकाळी डागाचा रंग आणि जागा दोन्ही कळतात. थेंब वाहत येऊन दुसरीकडे पडू शकतो, त्यामुळे डागाच्या वरच्या भागात ओल कुठून सुरू होते, हे पाहावं.

गळती कुठे शोधायची?

• होज पाइप आणि क्लिप: पाइप फुगलेला, चिरलेला किंवा टोकाशी पांढरट, रंगीत पापुद्रा जमलेला दिसतो.
• रेडिएटर: जाळीवर वाळलेले डाग दिसतात. प्लास्टिकची टाकी आणि अॅल्युमिनियम जिथे जोडलेले असतात, तो सांधा नीट तपासावा.
• वॉटर पंप: पंपाखाली एक छोटं छिद्र असतं. तिथून सतत थेंब येत असतील तर आतलं सील गेलेलं असतं.
• झाकण: रबर कडक झालं की दाब टिकत नाही. हा सगळ्यात स्वस्त भाग, पण तोच तपासायचा राहून जातो.
• हीटर कोअर: डॅशबोर्डच्या आत असतो. पायाखालचं कार्पेट ओलं होणं, केबिनमध्ये गोड वास येणं आणि काचेवर चिकट वाफ धरणं ही लक्षणं आहेत.

बाहेर काहीच दिसत नाही, तरी पातळी उतरते?

मग संशय हेड गॅस्केटवर जातो. सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर सतत येणं, डिपस्टिकवरचं ऑइल दुधाच्या चहासारखं दिसणं, इंजिन चालू असताना कूलंटच्या टाकीत बुडबुडे येणं ही त्याची चिन्हं आहेत. अशा वेळी गाडी चालवत राहू नये.

गॅरेजमध्ये प्रेशर टेस्टर लावून थंड इंजिनमध्ये झाकणावर लिहिलेल्या मर्यादेइतकी हवा भरतात. 10-15 मिनिटांत काटा खाली आला तर गळती आहे हे नक्की होतं. फार बारीक गळतीसाठी कूलंटमध्ये चमकणारा रंग मिसळून अतिनील दिव्याखाली पाहतात.

दुरुस्ती कशी होते?

सैल क्लिप घट्ट करणं किंवा झाकण बदलणं घरीही जमतं. वॉटर पंप, रेडिएटर आणि गॅस्केटचं काम मेकॅनिककडेच द्यावं. गळती बुजवणारी लिक्विड्स तात्पुरती कामाला येतात, पण तीच हीटर कोअरच्या बारीक नळ्या तुंबवू शकतात.

दुरुस्तीनंतर कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेलाच कूलंट भरावा. नुसता रंग जुळला म्हणजे प्रकार जुळला असं नाही. आत अडकलेली हवा काढणंही गरजेचं असतं, नाहीतर गळती बंद होऊनही इंजिन तापतं. रस्त्यात अडचण आली तर साधं पाणी चालतं, पण बोअरच्या पाण्यातल्या क्षारांचे थर आत बसतात. त्यामुळे नंतर योग्य कूलंट भरून घ्यावा.

प्रवासात इंजिन तापलं तर?

एसी बंद करावा, हीटर पूर्ण गरम करून पंखा जोरात लावावा आणि सुरक्षित जागा दिसताच गाडी थांबवून इंजिन बंद करावं. कूलंट पूर्ण संपला असेल तर सेन्सर कोरडा पडून तापमानाचा काटा खाली दिसू शकतो. म्हणून 'काटा उतरला' म्हणून गाडी पुढे दामटू नये.

गरम इंजिनचं झाकण कधीही उघडू नये. दाब सुटताच आतला कूलंट क्षणात उकळून तोंडावर, हातांवर उडतो. इंजिन पूर्ण थंड व्हायला अर्धा-एक तास सहज लागतो. तापलेल्या इंजिनवर थंड पाणी ओतू नये, त्याने धातूला तडा जाऊ शकतो.

सांडलेला कूलंट लगेच पुसावा. इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे आणि कुत्री-मांजरं तो चाटू शकतात. लहान मुलांपासूनही तो दूर ठेवावा.

आणि सगळ्यात सोपी सवय? आठवड्यातून एकदा, इंजिन थंड असताना, टाकीतली पातळी मिन आणि मॅक्स या खुणांच्या मध्ये आहे ना, एवढं पाहणं. अनेक छोट्या गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो, फक्त लाल दिवा असतो. तो लागेपर्यंत इंजिन तापलेलं असतं.