ग्लिसरीन दुर्घटना, जे. जे. रुग्णालयातील
मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई (जे. जे.) रुग्णालयात १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत दूषित ग्लिसरीन पोटात दिल्याने १४ रुग्ण मृत्यू पावले. १८४५ मध्ये सुरू झालेल्या या रुग्णालयातील ही घटना औषधोपचारातील चुकांच्या भारतीय इतिहासात महत्त्वाची मानली जाते.

मेंदूवरील किंवा डोळ्यातील दाब उतरविण्यासाठी त्या काळी ग्लिसरीन पाजण्याची पद्धत होती. पुरवठ्यात आलेला द्रव औषधी प्रतीचा नव्हता. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक द्रावक होते. हे द्रावकही ग्लिसरिनाप्रमाणेच रंगहीन, दाट व गोडसर असते. त्यामुळे नजरेने वा चवीने फरक कळत नाही. शरीरात त्यापासून होणारे अम्ल मूत्रपिंडातील नलिकांचा नाश करते व एकदोन दिवसांत लघवी बंद होऊ लागते. अमेरिकेत १९३७ मध्ये याच द्रावकात बनविलेल्या सल्फानिलामाइडाने शंभरावर बळी घेतले होते. मद्रास येथे १९७२ मध्ये बालके दगावली होती. म्हणजे धोका अज्ञात नव्हता.

औषध देणे आणि दुष्परिणाम दिसणे यांत काही दिवस जातात, ही खरी अडचण होय. मेंदूविकाराचा रुग्ण दगावला तर मृत्यू मूळ विकाराच्याच खाती जमा होणे स्वाभाविक. निरनिराळ्या खाटांवरील रुग्णांच्या नोंदी कोणी एकत्र पाहिल्या, तरच सर्वांत समान असलेले औषध ध्यानात येते. एकेका परिचारिकेचा वा निवासी डॉक्टराचा संशय अशा वेळी अपुरा पडतो.

मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली. एका कर्मचाऱ्यावर ठपका ठेवून आयोग थांबला नाही. खरेदीतील अनियमितता, मालाच्या तपासणीचा अभाव, अन्न व औषध प्रशासनाचे शैथिल्य आणि राजकीय हस्तक्षेप यांवर त्याने कठोर ताशेरे ओढले. तत्कालीन आरोग्यमंत्र्यांना १९८८ मध्ये राजीनामा द्यावा लागला.

नोंदीची देशव्यापी व्यवस्था मात्र फार उशिरा स्थिरावली. औषधांच्या दुष्परिणामांवर देखरेख ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला. २०११ पासून त्याचे समन्वयन गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोगाकडे आहे. बहुतेक नोंदणी केंद्रे वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडलेली असली, तरी नोंद कोणीही करू शकतो. पुणे जिल्ह्यातील शिरूर वा दौंड येथील परिचारिका, औषधनिर्माता, एवढेच नव्हे तर स्वतः रुग्णही. कळविणाऱ्याचे नाव गोपनीय राहते आणि प्रतिवेदन देणे म्हणजे दोषाची कबुली नव्हे, असे विहित नमुन्यातच नमूद असते. ही तरतूद वरवर किरकोळ वाटते. परंतु नोकरीच्या व बदलीच्या भीतीने गप्प राहणाऱ्या कनिष्ठ कर्मचाऱ्याच्या दृष्टीने तीच निर्णायक ठरते.

मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात २०२५ मध्ये खोकल्याच्या औषधाने बालके दगावली. त्यांपैकी अनेकांना उपचारांसाठी नागपूरला आणले होते. त्या औषधातही डायएथिलीन ग्लायकॉलच आढळले.