बोटीवरचा दिग्दर्शक

ठाण्या-डोंबिवलीहून रोज मुंबईला नोकरीसाठी जाणाऱ्या माणसांच्या मनात एक तक्रार बहुधा कायमची घर करून असते. कॉलेजात असताना कुणी कविता केलेल्या असतात, कुणी नाटकांतून बक्षिसे मिळवलेली असतात. पुढे गाडी आणि कचेरी यांच्यामध्ये ते सारे कोठे विरून जाते, कळत नाही. दिवाळीत चार दिवस गाडीची घाई नसते, पुढ्यात फराळाचे ताट असते, आणि मग ही तक्रार हमखास ओठांवर येते : ‘‘पोटाच्या उद्योगाने आमच्यातला कलावंत मारला हो!’’ असे कुणी म्हणाले, की मला विश्राम बेडेकर आठवतात.

बेडेकर हे पोटाच्या उद्योगाने चित्रपट-दिग्दर्शक. कीर्ती मात्र त्यांना एका लहानशा कादंबरीने दिली. १९०६ साली अमरावतीस जन्मलेला हा माणूस नाटकाच्या वाटेने सिनेमात आला. बोलपट आले आणि नाटकमंडळ्यांचे दिवस फिरले. दीनानाथ मंगेशकरांच्या बलवंत मंडळीनेही तेव्हा कॅमेऱ्याला हात घातला, आणि १९३४ सालच्या ‘कृष्णार्जुन युद्ध’चे दिग्दर्शन बेडेकरांनी चिंतामणराव कोल्हटकरांसह केले. १९३८ साली बाळूताई खरे, म्हणजे ‘कळ्यांचे निःश्वास’ लिहून महाराष्ट्र हालवून सोडणाऱ्या विभावरी शिरूरकर, यांच्याशी त्यांचा विवाह झाला. सिनेमाचा धंदा नीट शिकावा म्हणून बेडेकर विलायतेसही जाऊन आले. परतीचा प्रवास बोटीचा, आणि साल १९३९. युरोप महायुद्धाच्या उंबरठ्यावर उभा होता, आणि हिटलरच्या जर्मनीतून जीव घेऊन पळालेले ज्यू आसरा शोधीत पूर्वेकडे निघाले होते.

त्या प्रवासातून ‘रणांगण’ जन्मली. चक्रधर हा मराठी तरुण आणि हॅर्टा ही निर्वासित ज्यू मुलगी यांची काही दिवसांची ओळख, आणि तिचा करुण शेवट. मुंबईचा किनारा येतो. तो उतरतो, तिला उतरण्याची मुभा नसते. एवढीच गोष्ट, परंतु जगाच्या क्रौर्याचे रणांगण बोटीच्या डेकवर मांडता येते, हे मराठी वाचकाला तिने प्रथम दाखविले. त्या पुस्तकात पाल्हाळ नाही. प्रसंग समोर येतो, बोलतो आणि सरतो. सिनेमा शिकायला गेलेल्या माणसाचा डोळाच येथे लिहितो आहे, असे मला नेहमी वाटते.

पुढे बेडेकर पुन्हा सिनेमाच्याच गिरणीत शिरले. ‘प्रभात’च्या ‘शेजारी’ची (१९४१) कथा त्यांची. ‘रामशास्त्री’ (१९४४) तर राजा नेने, बेडेकर आणि गजानन जागीरदार अशा तिघांच्या दिग्दर्शनातून गेला. फराळाच्या ताटातली कोणती चकली आईने पाडली आणि कोणती काकूने, हे खाणाऱ्याने कसे ओळखावे? तसेच त्या चित्रपटाचे. ‘लाखारानी’, ‘चूल आणि मूल’, ‘वासुदेव बळवंत’ अशी वाट चालत १९६३ साली ते ‘रुस्तम सोहराब’पर्यंत आले, सुरैय्याचा तो शेवटचा चित्रपट.

फ्रान्समध्ये मार्गरित द्युरास या कादंबरीकर्तीनेही चित्रपट दिग्दर्शित केले. तिच्या ‘इंडिया साँग’ची (१९७५) गोष्ट कलकत्त्याची, चित्रण मात्र फ्रान्समध्येच झालेले. तिने आपलेच लेखन पडद्यावर नेले. बेडेकरांचे गणित निराळे. त्यांच्या सिनेमाच्या यादीत ‘रणांगण’ कोठेच नाही. सिनेमा दुसऱ्याच्या भांडवलावर आणि शंभर हातांनी होणारा, कादंबरी एकट्याची. ती त्यांनी एकट्याचीच राहू दिली.

म्हणून त्यांच्यातला लेखक सिनेमाने खाल्ला, असे म्हणावे काय? कित्येकांनी तसा हिशेब मांडला असेल. पण वाचकहो, बोटीचे ते तिकीट सिनेमासाठीच काढलेले होते! सिनेमा नसता तर विलायत नव्हती, आणि विलायत नसती तर हॅर्टाही नव्हती. पोटाच्या उद्योगाने लेखकाचे आयुष्य घेतले हे खरे. परंतु त्याच उद्योगाने त्याला आयुष्याचे पुस्तकही दिले.

उतारवयात त्यांनी आत्मचरित्र लिहिले आणि त्याला नाव दिले ‘एक झाड आणि दोन पक्षी’. १९८५ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. नावातली ती प्रतिमा उपनिषदातली : एकाच झाडावर दोन पक्षी; एक फळ खातो, दुसरा नुसता पाहतो. खाणाऱ्या पक्ष्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याचे पोट आहे. प्रश्न एवढाच, की पाहणारा पक्षी जागा आहे ना?

दिवाळी सरेल, गाडी पुन्हा सुरू होईल. ‘रणांगण’ आकाराने लहान आहे. डब्याशेजारी पिशवीत सहज मावते. खिडकीची जागा मिळाली तर वाचा. न मिळाली, तर उभ्या उभ्या भोवतालची माणसे पाहा. बेडेकरांनी बोटीवर तेच केले होते.