विधी स्वयंसेवक प्रशिक्षण, अहिल्यानगर जिल्हा

वकील नसूनही कायद्याच्या कामात लोकांना साहाय्य करणाऱ्यांची तयारी. भारतात या कामाला वकिलीसारखी सनद नाही, त्यामुळे जिल्ह्यात त्याच्या दोन वाटा आढळतात. जुनी वाट वकिलाच्या कारकुनाची. तिला अभ्यासक्रम नाही. वकालतनामा भरणे, कोर्ट फी तिकिटे लावणे, नकलेचा अर्ज देणे, रोजनामा पाहून पुढची तारीख टिपणे हे सारे कोर्टाच्या आवारातच अंगवळणी पडते.

दुसरी वाट विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या चौकटीतली. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने 2009 मध्ये पॅरा लीगल व्हॉलंटियर योजना आणली. जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा विधी सेवा प्राधिकरण स्वयंसेवक निवडते. शिक्षक, अंगणवाडी सेविका, निवृत्त कर्मचारी, विधी महाविद्यालयांतील विद्यार्थी, इतकेच काय, चांगल्या वर्तनाचे शिक्षित कैदीही त्यासाठी पात्र ठरतात. प्रशिक्षणात संविधान, कौटुंबिक व फौजदारी कायदा, कामगार हक्क यांची तोंडओळख असते. स्वयंसेवकाला ओळखपत्र व कामाच्या दिवसाचे मानधन मिळते, पगार नाही. म्हणून याला पोटापाण्याचा व्यवसाय म्हणणे धाडसाचे ठरेल.

पाथर्डीतील ऊसतोड मजूर किंवा अकोले तालुक्यातील आदिवासी कुटुंबांपुढे अडचण बहुधा कलमांची नसून कागदांची असते: फेरफार नोंद अडलेली, दाखला हरवलेला. स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. हे सांगून त्यांचा अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे पोचवणे हे स्वयंसेवकाचे काम. न्यायालयात युक्तिवाद मात्र त्याला करता येत नाही.