माने कोण, बडोदेकर कोण? – गाण्याच्या कोड्यांतला इतिहास

सिद्धनाथाच्या या गावात, गजी ढोलाचा ठेका रक्तात असलेल्या श्रोत्यांपुढे शास्त्रीय संगीतावर बोलायचं म्हणजे थोडं दडपणच. म्हणून आज आम्ही भाषण करणार नाही, कोडी घालणार आहोत. कारण गाण्याच्या शौकिनांची खरी मैफल गाणं संपल्यावर, चहाचा कप हातात आला की सुरू होते. "आत्ता जे गायले तो भूप की देशकार?" असं एकजण विचारतो, दुसरा म्हणतो, "तुमचे कान सकाळचे दिसतात!" आणि मग तासभर कुणी उठत नाही.

यातला विनोद आधी सांगतो. भूप आणि देशकार, दोन्हींचे स्वर तेच पाच : सा, रे, ग, प, ध. कागदावर लिहिलं तर ओळखू येणार नाहीत. पण भूपाचा जीव गंधारात, देशकाराचा धैवतात. एक रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, दुसरा सकाळचा. म्हणजे प्रश्न कोणते स्वर लागले हा नाही, कुठल्या स्वरावर मुक्काम केला हा आहे. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

अशा प्रश्नोत्तरांची परंपरा आमची, तुमची नव्हे. ती आपल्या संगीतशास्त्रातच आहे. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) शिक्षणाने वकील. त्यांनी 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' हा मोठा ग्रंथ मराठीत लिहिला, चार भागांत, आणि तो लिहिला गुरु-शिष्यांच्या संवादाच्या रूपात. शिष्य शंका काढतात, गुरु उत्तर देतात, मध्येच चिमटाही काढतात. त्याच्याही आधी बंदिशकारांनी कोडी घालून ठेवलेलीच होती. बंदिशीत 'सदारंग' हे नाव येतं. हे सदारंग कोण? मुहम्मदशहा रंगीले याच्या दरबारातले नियामत खाँ. 'अदारंग' म्हणजे फिरोज खाँ, आणि अलीकडचे 'प्राणपिया' म्हणजे आग्रा घराण्याचे विलायत हुसेन खाँ. नाव लपवायचं आणि गाण्यातच ठेवून द्यायचं, अशी ही गंमत.

मग रेकॉर्ड आल्या. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांनी गायलं आणि गाणं संपताना स्वतःचं नाव इंग्रजीत पुकारलं. का? तर तबकड्या तयार व्हायच्या जर्मनीतल्या हॅनोव्हरला. तिथल्या माणसाला कुणाची तबकडी आहे हे कळायला हवं! व्यवहाराची सोय होती, पण शंभर वर्षं शौकिनांना तो चर्चेचा विषय झाला.

आता आपल्या मुलखाचं एक. विष्णु दिगंबर पलुस्कर कुरुंदवाडचे, जन्म १८७२ चा, तालीम मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे. तर त्यांनी पहिलं गांधर्व महाविद्यालय कुठे काढलं? आम्ही हा प्रश्न विचारला की कुणी पुणं म्हणतं, कुणी मुंबई, आणि मिरजकर तर हक्कानं मिरज म्हणतात. उत्तर आहे लाहोर, ५ मे १९०१. कृष्णाकाठच्या माणसाची पहिली शाळा रावीच्या काठी. नकाशाला पडलेली रेघ नंतरची आहे, हे अशा वेळी नुसतं सांगावं लागत नाही, आपोआप कळतं.

आता मुख्य कोडं. ते आम्ही मुद्दाम म्हसवडसाठी राखून ठेवलं होतं.

सख्खी भावंडं. एक माने, एक बडोदेकर, एक राणे. वडील खाँसाहेब. कोण?

जाणकारांच्या माना डोलल्या. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, सरस्वतीबाई राणे. वडील किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ. (किराणा हे उत्तर प्रदेशातल्या कैराना गावाचं नाव; वाण्याच्या दुकानाशी त्याचा संबंध नाही, हेही दर वेळी सांगावं लागतं!) आई ताराबाई माने, बडोद्याच्या. खाँसाहेब बडोद्याच्या दरबारात होते. दोघांनी बडोदं सोडलं, पुढे मिरज जवळ केली. हिराबाईंचा जन्म मिरजेचाच, १९०५ चा.

एकदा आम्ही हे कोडं घातलं तेव्हा इथलेच एक स्नेही ताडकन उठले. "माने म्हणजे आमचेच! किराणा घराण्याचं आजोळ म्हसवड!" टाळ्या पडल्या. आम्हालाही मोह झाला, खोटं का बोला. म्हसवडचे माने इतिहासात नामांकित. संताजी घोरपड्यांच्या १६९७ मधल्या वधाशी ज्यांचं नाव जोडलं जातं ते नागोजी माने इथलेच. पण आडनाव एक म्हणून घर एक ठरत नाही. भूप आणि देशकाराचे स्वर एकच असतात, तरी राग दोन. आम्ही त्यांना एवढंच विचारलं, "कागद आहे का?" ते हसले, म्हणाले, "कागद नाही, हौस आहे." आमचा नियम असा : हौसेला चहा, कागदाला गुण.

पण खरा इतिहास त्या टाळ्यांच्या मागे राहून गेला होता. या मुलांची जन्मनावं वेगळी होती. सुरेशबाबू हे अब्दुल रहमान, हिराबाई चंपाकली, सरस्वतीबाई सकीना. ताराबाई खाँसाहेबांपासून वेगळ्या झाल्या आणि मुलांना नवी नावं मिळाली. माने हे आईचं आडनाव, बडोदेकर हे आईच्या गावाचं, राणे हे सासरचं. तीन आडनावांत एका बाईचा निर्णय आहे. तिला मुलांना घेऊन एकटीनं उभं राहायचं होतं, गाणं न सोडता. नावं बदलली, गळे बदलले नाहीत. वडिलांचा सूर मुलांत राहिलाच, आणि सुरेशबाबू-हिराबाईंकडून तो प्रभा अत्रे यांच्यापर्यंत पोचला.

खाँसाहेब १९३७ साली दक्षिणेत प्रवासात असताना वारले. त्यांची कबर मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात आहे आणि तिथे दरवर्षी गाणं होतं. त्यागराजांची कृती रेकॉर्डवर गाणारा हा कैरानाचा माणूस शेवटी आपल्या मातीत विसावला. तो कुणाचा, हे कोडं आम्ही घालत नाही. त्याचं एका शब्दात उत्तर देणारा हमखास चुकतो.

म्हणून मंडळी, कोडी जरूर घाला, एकमेकांची टोपी उडवा. फक्त उत्तर मिळालं की उठू नका; "असं का झालं?" एवढं अजून विचारा. तिथे खरी मैफल रंगते.

जाता जाता एक घरी न्यायला. वडील औंध दरबारचे गवई. मुलगा गवई आणि व्हायोलिनवादकही. ग्वाल्हेर, जयपूर, आग्रा या तिन्ही घराण्यांची तालीम घेतलेला. कोण? उत्तर शेजारच्या खटाव तालुक्यात आहे. पण येताना नुसतं नाव आणू नका, गाणं ऐकून या.