मत, अप्रीती आणि शिक्षा : बेळगावचे एक भाषण व १९१६ चा खटला

प्रास्ताविक

गुन्हा आणि शिक्षा या विषयावर इंग्रजीत निबंध लिहावयास सांगितला की आपल्या सीमाभागातील विद्यार्थ्यांची वाक्ये बहुधा एकाच पट्टीत येतात. चोराला तुरुंगात टाकलेच पाहिजे, खुन्याला फाशी दिलीच पाहिजे, लाचखोराला भर चौकात उभे केलेच पाहिजे. प्रत्येक वाक्यात 'मस्ट'. 'शुड', 'माइट', 'इट सीम्स' ही मवाळ रूपे त्यांना पाठ असतात, पण वापरताना सुचत नाहीत. हे विद्यार्थी घरी मराठी किंवा दखनी उर्दू बोलतात आणि बाजारात कन्नड. त्या भाषांत मात्र ते मताची तीव्रता सहज कमीजास्त करतात. 'द्यावी', 'द्यायला हवी', 'दिलीच पाहिजे', 'द्यावी असे वाटते' यांतला फरक त्यांना कोणी शिकवलेला नसतो. उर्दूतही 'शायद', 'मुनासिब है', 'चाहिए' आणि 'लाज़िम है' अशी पायऱ्यांची उतरंड आहे. इंग्रजीत गेल्यावर ही उतरंड हरवते.

हा केवळ व्याकरणाचा प्रश्न आहे असे आपण अध्यापक समजतो. पण ज्या बेळगावात आपण शिकवतो, तेथे केलेले एक मराठी भाषण इंग्रजीत उतरवले गेले आणि त्या इंग्रजीतील शब्दांचे वजन न्यायालयात मोजले गेले, ही गोष्ट फार जुनी नाही. मत कोठे संपते आणि गुन्हा कोठे सुरू होतो, हा त्या खटल्याचा विषय होता. प्रस्तुत लेखात त्या खटल्याची पार्श्वभूमी, त्यातील भाषेचा प्रश्न आणि त्यात मुस्लिम विधिज्ञांनी बजावलेली भूमिका यांचा थोडक्यात आढावा घेतला आहे.

कलम १२४ अ आणि 'अप्रीती'

भारतीय दंड संहिता १८६० साली मंजूर झाली व १८६२ पासून अमलात आली. उर्दूत ती 'ताज़ीरात-ए-हिंद' या नावाने आली. 'मिरातुल उरूस' या कादंबरीचे लेखक डिप्टी नज़ीर अहमद यांचा त्या भाषांतरात महत्त्वाचा वाटा होता. राजद्रोहाचे कलम १२४ अ या संहितेत १८७० मध्ये घालण्यात आले. त्याच्या केंद्रस्थानी 'डिसअफेक्शन' हा शब्द होता. मराठीत त्यासाठी 'अप्रीती' हा प्रतिशब्द रूढ झाला. सरकारी धोरणाविषयीची नापसंती, म्हणजे 'डिसॲप्रोबेशन', गुन्हा नव्हती. अप्रीती मात्र गुन्हा होती. म्हणजे कायद्याने मताच्या दोन पायऱ्या मानल्या होत्या व वरच्या पायरीवर पाय ठेवणाऱ्यास शिक्षा सांगितली होती.

या दोन पायऱ्यांमधील सीमारेषा कोठे आखायची यावर न्यायाधीशांचे एकमत नव्हते. १८९१ साली 'बंगवासी' पत्राच्या खटल्यात सरन्यायाधीश पेथरम यांनी अप्रीती म्हणजे प्रीतीच्या विरुद्ध भावना, तिटकारा किंवा द्वेष, असा अर्थ केला. १८९७ साली लोकमान्य टिळकांवरील पहिल्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला सांगितले, की अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. हा अर्थ फार व्यापक होता. द्वेष न करणारा, पण प्रेमही न करणारा मनुष्य त्यामुळे गुन्हेगार ठरू शकत होता. ज्यूरीतील सहा युरोपियनांनी टिळकांना दोषी व तीन भारतीयांनी निर्दोष ठरवले. टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. पुढील वर्षी, १८९८ मध्ये, कलमात दुरुस्ती होऊन 'द्वेष' व 'तिरस्कार' हे शब्दही त्यात आले.

१८९७ आणि १९०८ : तीन मुस्लिम नावे

या इतिहासात मुस्लिम समाजातील व्यक्ती एकाच बाजूस उभ्या दिसत नाहीत, हे प्रारंभीच नमूद करावयास हवे. १८९७ च्या खटल्यातील सरकारी फिर्याद मुंबई सरकारचे प्राच्य भाषांतरकार मिर्झा अब्बास अली बेग यांच्या नावे दाखल झाली होती. भाषांतर खात्याचा अधिकारीच फिर्यादी असावा, ही बाब बोलकी आहे. मराठी मजकूर इंग्रजीत गेल्याशिवाय गुन्हा सिद्ध होत नव्हता.

त्याच खटल्यात टिळकांना जामीन नाकारला जात असता, अखेर ४ ऑगस्ट १८९७ रोजी तो मंजूर करणारे न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी होते. मुंबईच्या अंजुमन-ए-इस्लामचे संस्थापक आणि १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून ते आपणास परिचित आहेत. जामिनासाठी त्यांच्यापुढे बाजू मांडणारे बॅरिस्टर होते दिनशा दावर.

१९०८ साली टिळकांवर दुसरा खटला झाला तेव्हा हेच दावर न्यायासनावर होते. या वेळी जामिनाचा अर्ज मोहम्मद अली जिना या तरुण बॅरिस्टरांनी चालवला आणि न्यायमूर्ती दावर यांनी तो फेटाळला. खटल्यात टिळकांनी स्वतःच बचावाचे भाषण केले. ते अनेक दिवस चालले. 'केसरी'तील लेखांच्या सरकारी भाषांतरावर त्यांचा मुख्य आक्षेपांपैकी एक होता. त्यांनी भाषांतरकाराची उलटतपासणी घेतली व मराठी शब्दांच्या छटा इंग्रजीत अधिक कडक झाल्याचे दाखवण्याचा प्रयत्न केला. सात युरोपियन ज्यूरर विरुद्ध दोन भारतीय ज्यूरर अशा मताधिक्याने ते दोषी ठरले. २२ जुलै १९०८ च्या रात्री सहा वर्षे हद्दपारी व एक हजार रुपये दंड अशी शिक्षा सुनावण्यात आली. शिक्षा सुनावताना न्यायमूर्तींनी लेखकाच्या मनाला रोगट व विकृत म्हटले. मताच्या तीव्रतेबद्दल शिक्षा देणाऱ्याचे स्वतःचे मतही किती तीव्र असू शकते, याचा हा नमुना आहे.

बेळगावचे भाषण

मंडालेहून टिळक जून १९१४ मध्ये परतले. एप्रिल १९१६ च्या अखेरीस बेळगाव येथे मुंबई प्रांतिक परिषद भरली आणि त्याच वेळी तेथे होमरूल लीगची स्थापना झाली. जोसेफ बॅप्टिस्टा अध्यक्ष व न. चिं. केळकर चिटणीस झाले. बेळगावातील कामाची धुरा गंगाधरराव देशपांडे यांच्याकडे होती. त्या वेळी बेळगाव मुंबई इलाख्यात होते आणि निपाणीसह हा सारा मुलूख मराठी राजकारणाच्या मुख्य प्रवाहात होता.

१ मे १९१६ रोजी टिळकांनी बेळगावात स्वराज्यावर भाषण केले. त्यानंतर ३१ मे व १ जून रोजी अहमदनगर येथे त्यांची दोन भाषणे झाली. सरकारने ही भाषणे टिपून घेतली, इंग्रजीत भाषांतरित केली आणि टिळकांच्या साठाव्या वाढदिवशी, २३ जुलै रोजी, त्यांना नोटीस बजावली. या वेळी थेट १२४ अ खाली खटला नव्हता. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०८ खाली चांगल्या वर्तणुकीचा मुचलका मागण्यात आला होता. मुचलका हा फारसी-तुर्की वळणाचा शब्द आपल्या कचेऱ्यांत आजही रुळलेला आहे. १२ ऑगस्ट रोजी पुण्याचे जिल्हा दंडाधिकारी हॅच यांनी आदेश दिला : एक वर्षासाठी वीस हजार रुपयांचा जातमुचलका आणि प्रत्येकी दहा हजारांचे दोन जामीनदार.

टिळकांच्या या भाषणांची मांडणी लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. बादशहाची सत्ता आणि प्रत्यक्ष कारभार करणारी नोकरशाही यांत त्यांनी फरक केला. अव्यक्त आणि व्यक्त ही वेदान्तातील जोडी घेऊन त्यांनी तो ग्रामीण श्रोत्यालाही समजेल असा सांगितला. नोकरशाहीवरील त्यांची टीका कडक होती, परंतु मागणी साम्राज्यांतर्गत स्वराज्याची होती. टीकेचा स्वर तीव्र आणि मागणीचा स्वर संयत अशी ही रचना आहे. एकेक वाक्य सुटे करून इंग्रजीत मांडले तर फक्त तीव्रता दिसते. भाषण सलग वाचले तर संयमही दिसतो.

उच्च न्यायालयाचा निकाल

हॅच यांच्या आदेशाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात बाजू मांडण्यासाठी जिना उभे राहिले. पुण्यातील सुनावणीतही तेच टिळकांचे वकील होते. नोकरशाहीवर टीका करणे म्हणजे कायद्याने स्थापित सरकारविरुद्ध अप्रीती पसरवणे नव्हे, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता.

९ नोव्हेंबर १९१६ रोजी न्यायमूर्ती बॅचलर व न्यायमूर्ती शहा यांनी दंडाधिकाऱ्यांचा आदेश रद्द केला. बॅचलर यांनी सांगितलेले तत्त्व असे होते, की भाषण संपूर्ण वाचावे, त्याचा रास्त अर्थ लावावा, तो सरकारच्या किंवा आरोपीच्या बाजूने ओढूनताणून काढू नये, आणि सुट्या शब्दांपेक्षा एकूण परिणामाकडे लक्ष द्यावे. काही वाक्ये आक्षेपार्ह वाटली तरी भाषणांचा एकूण परिणाम अप्रीती निर्माण करणारा नाही, असा निष्कर्ष निघाला. स्वराज्य मागणे हा गुन्हा नाही, असा अर्थ लोकांनी या निकालातून घेतला आणि होमरूलच्या चळवळीला बळ मिळाले. पुढच्याच महिन्यात लखनौ येथे काँग्रेस आणि मुस्लिम लीग यांच्यात करार झाला. टिळक व जिना हे दोघेही त्याचे प्रमुख शिल्पकार होते. या दोघांच्या वाटा पुढे कोठे गेल्या हे सर्वज्ञात आहे. परंतु पुढच्या घटनांच्या सावलीत १९१६ चे हे सहकार्य पुसून टाकणे इतिहासाला धरून होणार नाही.

पुढील वाटचाल

निकालाने प्रश्न कायमचा सुटला नाही. १८ मार्च १९२२ रोजी अहमदाबाद येथे महात्मा गांधींना याच कलमाखाली सहा वर्षांची शिक्षा झाली. न्यायाधीश ब्रूमफील्ड यांनी टिळकांच्या शिक्षेचा दाखला दिला. प्रीती कायद्याने निर्माण करता येत नाही, अशा आशयाचे गांधीजींचे निवेदन स्ट्रॅची यांच्या व्याख्येलाच उत्तर होते. १९४२ मध्ये फेडरल कोर्टाने सार्वजनिक अशांततेची चिथावणी असल्याशिवाय राजद्रोह होत नाही असे म्हटले, तर १९४७ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने सदाशिव नारायण भालेराव खटल्यात ते मत अमान्य केले. स्वतंत्र भारतात १९६२ च्या केदारनाथ सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कलम कायम ठेवले, पण हिंसा वा अशांततेकडे नेणाऱ्या बोलण्यापुरते ते मर्यादित केले. मे २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने कलमाचा वापर स्थगित ठेवण्यास सांगितले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात १२४ अ नाही. मात्र देशाचे सार्वभौमत्व, ऐक्य व अखंडता धोक्यात आणणाऱ्या कृत्यांसाठी कलम १५२ आहे. शब्द बदलले, तरी शब्दांचे वजन करण्याचे काम संपलेले नाही.

समारोप

मुंबई उच्च न्यायालयातील ज्या दालनात १९०८ चा खटला चालला, त्याच्या बाहेर १९५६ साली, टिळकांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, एक शिलालेख बसवण्यात आला. त्याचे अनावरण मुख्य न्यायमूर्ती मोहम्मद करीम छागला यांनी केले. उमेदीच्या काळात त्यांनी जिनांच्या चेंबरमध्ये काम केले होते. १९०८ ची शिक्षा कदाचित कायद्याच्या तांत्रिक अर्थाने बरोबर असेल, परंतु खऱ्या न्यायाची ती उघड पायमल्ली होती, असा आशय त्यांनी त्या प्रसंगी मांडला. या मांडणीतील 'कदाचित' आणि 'परंतु' यांकडे इंग्रजी शिकवणाऱ्या अध्यापकांनी अवश्य लक्ष द्यावे. आधी मवाळ शब्दांत समोरच्याचे म्हणणे मान्य करायचे आणि मग ठाम मत सांगायचे. अशा ठाम मताला वजन येते.

त्याच वर्षी १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना झाली आणि बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. तेव्हापासून या भागातील मराठी आणि उर्दू भाषकांना आपले म्हणणे अनेकदा दुसऱ्या भाषेत मांडावे लागते. अर्ज, निवेदन, तक्रार, साक्ष यांत आपले वाक्य भाषांतरित होते आणि मग वाचले जाते. ज्याला आपल्या मताचे वजन त्या भाषेत नेमके सांगता येत नाही, त्याचे वजन दुसरा कोणीतरी ठरवतो. १८९७ व १९०८ मध्ये नेमके हेच घडले. १९१६ मध्ये भाषण संपूर्ण वाचले गेले म्हणून ते टळले.

म्हणून गुन्हा आणि शिक्षा या विषयावरील निबंध तपासताना 'मस्ट' खाली लाल रेघ ओढून थांबू नये. हेच मत मराठीत किंवा उर्दूत कसे सांगशील, असे विद्यार्थ्यास विचारावे. तो 'द्यायला हवी' म्हणाला की 'शुड' कशासाठी असते हे त्याला आपोआप कळेल. जमल्यास वर्गात बेळगावच्या या भाषणाची हकीकतही सांगावी. आपल्याच गावात बोललेल्या शब्दांसाठी एवढा खल झाला होता, हे कळल्यावर विद्यार्थी शब्द जपून वापरतील, आणि गरज पडेल तेथे ठामपणेही वापरतील.